अक्काचा हललेला फोटो

“माझं डोकं कुठाय?” अफ्राकोमाअक्कानं कॅमेऱ्यात डोकावून विचारलं.

“वर राहिलं,” ओफोरी म्हणाला. “पण बांगड्या बघ ना, किती स्वच्छ आल्यात!”

“म्हणजे माझ्या मयताला लोकांनी बांगड्यांकडे बघून रडायचं?”

शेजारची म्हातारी गेली तेव्हा तिच्या निधनाच्या पोस्टरवर मतदार ओळखपत्रातला फोटो ताणून छापला होता. कुमासी शहराच्या चौकाचौकांत ते ध्यान लागलेलं बघून अक्कानं धसकाच घेतला. “माझा एक चांगला फोटो निघू दे, मग मी जायला मोकळी,” असं ती उठताबसता म्हणे. ओफोरीला ते ऐकवत नसे. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. पण अक्काला नाही म्हणायची हिंमत त्याला पोस्टातून निवृत्त होईपर्यंत झाली नव्हती, ती आता कुठून होणार? फोटो काढण्यातलं नव्यानं शिकलेलं सगळं तो इमानानं करी. श्वास रोखी, कोपरं पोटाशी धरी, उजेड बाजूनं घेई आणि नेमका बटण दाबताना त्याचा हात हले.

अखेर एक फोटो बरा आला. डोळे नीट आलेत का ते मोठ्या आकारात बघावं म्हणून त्यानं तो छपाईवाल्या बेदियाकोकडे दिला आणि बाजारात गेला. म्हातारी बाई, ठेवणीतलं, पोस्टरांवर असतं तसं काळंपांढरं वस्त्र, गळ्यात सोनं! बेदियाकोला सांगायची गरजच उरली नाही. त्यानं हळहळत खाली ‘देवाघरी गेल्या’ असं छापलं आणि माणुसकी म्हणून एक प्रत दुकानाबाहेरही चिकटवली.

ओफोरी घरी पोचला तर अंगणात सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांतली अर्धी गल्ली रडत होती आणि भाड्याच्या खुर्च्या उतरत होत्या. सगळ्यांत मोठा आवाज सेरवाचा. पातेलं चोरल्याचा आळ घेऊन तिनं कित्येक वर्षं अक्काशी बोलणं टाकलं होतं.

“अक्का गं, ते पातेलं माझ्याच माळ्यावर सापडलं गं!”

दार उघडलं. दारात जेवता जेवता फुफूचा वाडगा घेऊन अक्का उभी. रडणारे खुर्च्यांमागे सरकले. दोघं तर फाटकाबाहेर पळाले.

“थांबलीस का? रड की,” अक्का म्हणाली. “पातेल्यापर्यंत आली होतीस. कधी सापडलं म्हणालीस?”

सेरवाला आधी हुंदका आला, मग हसू. अक्काही हसायला लागली, ती पार डोक्याचा रुमाल सुटेपर्यंत. ओफोरीनं कॅमेरा उचलला आणि श्वासबीस सगळं विसरून बटण दाबलं.

या फोटोत सुरकुती न् सुरकुती स्वच्छ आली होती. अक्का तो बराच वेळ बघत राहिली. ओफोरीला वाटलं, झाली ही मोकळी!

“नाही चालणार,” ती शेवटी म्हणाली. “ही बाई मेलीय यावर कोण विश्वास ठेवील? दुसरा काढ.”

आता ओफोरीचा हात चांगला बसलाय. गल्लीतल्या लग्नांचे, बारशांचे फोटो तोच काढतो. दर रविवारी चर्चमधून आल्यावर अक्का नटूनथटून अंगणात बसते. तो कोपरं पोटाशी धरतो, उजेड बघतो, श्वास रोखतो आणि बटण दाबताना हात जरासा हलवतो.

“परत हलला?”

“हलला गं अक्का. पुढच्या रविवारी बघू.”