आग्नेस टीचरचा अलिफ

आमच्या वसईजवळच्या निर्मळमध्ये तुम्ही नुसतं 'जमीन' म्हणालात आणि आग्नेस टीचरच्या कानावर ते पडलं, की तुमची वाट अडलीच म्हणून समजा.

"थांबा! कुणाची?"

तुम्ही भाबडेपणानं सांगणार, आमच्या आजोबांची.

"जमीन नव्हे हो, शब्द! शब्द कुणाचा?"

मग झाडांना पाणी घालायचा पाइप हातात तसाच वाहता ठेवून त्या सांगणार, की जमीन फारसीतली, वकील अरबीतला, पाव पोर्तुगीजांचा, आणि आपण मात्र सगळं आजोबांचं म्हणून मिरवतो. तोवर तुमच्या चपला चिखलात.

मी त्यांचा शेजारी, मधू. सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. सकाळी पाळीची घाई, स्कूटरला किक मारतोय, आणि ही बाई कुंपणावरून विचारतेय, "मध्या, चावी कुणाची?" वैताग यायचा हो अगदी! पण चौथीत त्यांनी मला शिकवलेलं. पळून जाणार कुठे?

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या बाया रोझरी करतात, फुलं गुंफतात, सुनांवर नजर ठेवतात. टीचरनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सुना नव्हत्या. त्यांनी उर्दू शिकायला काढली. गुरू कोण, तर सायकलवरून पाव विकणारा आझमगढचा रमजानभाई. रोज पावाबरोबर एक अक्षर. एखादं अक्षर अडलं की टीचर त्याला सोडायच्या नाहीत, आणि पुढची सगळी आळी कोरड्या चहावर बसायची. माझी बायको रमजानभाईला म्हणायची, "बाईंना पास तरी करून टाका एकदाचं."

सराव करायची तऱ्हा तर विचारूच नका. केळीच्या ज्या सोपटात आमच्याकडे गजरे गुंफतात, ते भिजवून, वाकवून त्या ओट्यावर अक्षरं मांडायच्या. उभं सोपट म्हणजे अलिफ, उर्दूतलं पहिलं अक्षर. नुक्त्यांच्या, म्हणजे अक्षरांवरच्या ठिपक्यांच्या जागी मोगऱ्याच्या कळ्या. एकदा आमची कोंबडी त्यातून फिरली, तर सगळं घर डोक्यावर घेतलं. "मध्या, तुझ्या कोंबडीनं माझा शीन उधळला! तीन नुक्ते होते त्यात!" मी चाळीशीला टेकलेला बाप्या, मुकाट्यानं कळ्या वेचत बसलो.

गावात कुजबुज होतीच. चर्चबाहेर फादरनी हसत विचारलं, "टीचर, या वयात उर्दू? ती तर मुसलमानांची ना?"

"फादर, भाषेला बाप्तिस्मा नसतो," टीचर म्हणाल्या. "ती बाजारात वाढली, छावणीत वाढली. व्याकरण इथल्या मातीतलं, शब्द आले चहूकडून. दख्खनचे लोक उर्दूत 'नक्को' म्हणतात, तो आपलाच 'नको'. आणि उर्दूच्या घरात अलमारी पोर्तुगीजांची, बालटी पोर्तुगीजांची, चाबीसुद्धा पोर्तुगीजांचीच. चाबी वसईवाल्यांकडे असताना आत जायला आम्हाला परवानगी कुणाची लागते?"

"परवानगीसुद्धा फारसी आहे, टीचर," मी मागून म्हटलं. इतक्या वर्षांत एवढा एकच डाव मी जिंकलो.

पण हे सगळं वेड निघालं कुठून, ते गावाला ठाऊक होतं. सोपाऱ्याच्या शकीलाबाई त्यांच्याच शाळेत गणित शिकवायच्या. माहेर मालेगावचं, घरची बोली उर्दू. मधल्या सुट्टीत दोघी एकत्र डबा खायच्या, आणि आम्ही पोरं खिडकीतून बघायचो. आधी प्रार्थना, मग घास. एक दिवस टीचर मराठीत प्रार्थना म्हणायच्या, दुसऱ्या दिवशी शकीलाबाई दुवा मागायच्या. जी ऐकत असेल तिनं शेवटी, टीचर असतील तर 'आमेन', शकीलाबाई असतील तर 'आमीन' म्हणायचं, आणि मगच डबे उघडायचे. टीचरच्या डब्यात असायची तशी सुकटाची चटणी घरी भाकरीवर पडली की मला अजून ते आठवतं.

निवृत्तीनंतर शकीलाबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि बोलणंच गेलं. मुलाशी नाही, सुनेशी नाही. डॉक्टर म्हणाले, लहानपणची भाषा कानावर पडू द्या, काही सांगता येत नाही. घरचे बोलत होतेच. पण टीचरनी मनावर घेतलं. "सारी नोकरी ती माझ्या भाषेत बोलली रे मध्या. मी तिच्या भाषेतला एक शब्द शिकले नाही. आता माझी पाळी. ती बोलेपर्यंत मी सोडणार नाही."

म्हणून दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की मी स्कूटरवरून त्यांना सोपाऱ्याला न्यायचो. टीचर खाटेशी बसायच्या आणि परीक्षेला बसल्यासारख्या घाम पुसत बोलायच्या. "शकीला, आज बाग में... मोगरा बहोत आया है." शकीलाबाई खिडकीकडे बघत राहायच्या. सून रुखसाना दारात उभी राहून पदरानं डोळे टिपायची. परत येताना मी म्हणायचो, "टीचर, पुरे आता." त्या म्हणायच्या, "पुढच्या रविवारी लवकर निघू."

असा एक पावसाळा गेला. नाताळ जवळ आला. त्या रविवारी टीचर एक लांबलचक दुवा पाठ करून आल्या होत्या. वाटभर माझ्या पाठीमागे पुटपुटत होत्या. खाटेशी बसल्या आणि दुसऱ्याच वाक्याला अडकल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच गाडी अडली. टीचरचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. डबा काढून मांडीवर ठेवला, आणि सवयीनंच डोळे मिटून मराठीत म्हणाल्या, "हे प्रभू, आमच्या या अन्नाला आणि आम्हा दोघींना तुझा आशीर्वाद असू दे."

"आमीन."

आवाज जड होता, एका बाजूनं ओढलेला. पण आमीनच. रुखसाना हातातली कपबशी दारातच ठेवून आत धावली.

टीचरनी शकीलाबाईंचा हात असा घट्ट धरला, की मीच म्हणालो, "अहो, हळू." रडत होत्या आणि रागावतही होत्या. "बये, एवढी उर्दू घोटली मी, कोंबड्यांशी भांडले, आणि तू बोललीस ती माझ्या मराठीवर?" शकीलाबाईंनी डब्याकडे बोट केलं. भूक लागली होती त्यांना.

घरी येताना निर्मळचं तळं आलं, तसा माझा खोडसाळपणा उफाळून आला. "टीचर, आमीन कुणाचा शब्द?"

मागून नाक ओढल्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "आमचा दोघींचा. आणि तू समोर बघून चालव."