चार मिलिमीटर

माझं एकही काम आजवर अर्धवट राहिलेलं नाही, हे मी नम्रपणे, पण ठणकावून सांगते. तीस वर्षं विद्यापीठाच्या विभागात हस्तलिखितं वाचत आले आहे मी. वाळवीने खाल्लेलं अर्धं पान जी बाई पूर्ण करते, तिला स्वतःच्या कानाचं भोक मोठं करणं काय जड!

प्रश्न आईच्या कर्णफुलांचा होता. वाटणीत घर थोरल्या बहिणीकडे गेलं, कर्णफुलं माझ्याकडे आली. डबी हातात देताना ताई म्हणाली होती, "अशी तुझ्या कानात जायची नाहीत ती. अडलं तर फोन कर."

उपकार करताना माणसं कोणता स्वर लावतात, ते मी ओळखते! सात वर्षं मी फोन केला नाही. तिनेही नाही.

मग माझी निवृत्ती सहा महिन्यांवर आली. निरोप समारंभाला विभागाकडून नातलगांना पत्र जातं. नातलगांच्या रकान्यात माझ्याकडे एकच नाव होतं. 'येते,' असं तिचं एका शब्दाचं उत्तर आलं आणि माझा बेत पक्का झाला. पहिल्या रांगेतून तिला दिसलं पाहिजे, की कर्णफुलं माझ्या कानांत आहेत. एक अक्षर न बोलता मी जिंकणार!

दांडी मोजली: चार मिलिमीटर. माझं भोक: जेमतेम एक. म्हणजे दरमहा अर्धा मिलिमीटर. निमुळत्या पोलादी सळया मागवल्या, तेलाची बाटली आणली, भिंतीवर तक्ता लावला. रोज सकाळी आरशाला विचारायचं, "दुखतंय?" आणि आरशाच्या वतीने सांगायचं, "फारसं नाही." घरातलं दिवसभराचं संभाषण तेवढंच.

तिसऱ्या महिन्यात अधीरपणा नडला. मधली एक सळई गाळून मी थेट पुढची घातली. दोन्ही पाळ्या अशा सुजल्या, की डोक्याला दोन्हीकडून उशा लावल्यासारखं वाटावं! वर कापूस, त्यावर पट्टी, अशा थाटात मी विभागात गेले.

काय झालं, असं कोणीही विचारलं नाही. विद्वानांची रीतच ती! मूळ साधन समोर बसलेलं असताना ते आपसांत तर्क लढवतात. दुपारपर्यंत निष्कर्ष निघाला: बाई बहिऱ्या झाल्या.

"मॅडम! चहा! घेणार?" ग्रंथपालबाई माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर ओरडल्या.

"घेईन."

"ओठ वाचतात हो, बिचाऱ्या!" त्या विभागप्रमुखांना म्हणाल्या.

विभागप्रमुखांच्या प्रबंधातल्या चुका मी एकेकाळी पानवार काढून दिल्या होत्या. ते माझ्याकडे पाहून प्रेमळ हसले आणि ग्रंथपालबाईंना म्हणाले, "जातेय एकदाची. तीस वर्षं कोणाशी धड बोलली नाही. खोली रिकामी झाली की तिथे कपाटं लावून टाकू."

मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली.

तिथल्या तिथे खुलासा करता आला असता. वाक्यही तयार होतं, धारदार आणि व्याकरणशुद्ध! पण ग्रंथपालबाईंनी खुर्ची ओढली आणि माझा कप रिकामा होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. त्या विभागात आल्यापासून बारा वर्षांत असं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही आल्या. "जेवलात का?" असं त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं, की खालच्या मजल्यावरच्या कोणीतरी "हो" म्हटलं!

सूज आठवड्यात उतरली. पट्टी मी उतरवली नाही. तिच्याआड सळया जाड होत गेल्या, आणि माझं मौनही.

समारंभाच्या सकाळी पट्टी सुटली आणि कर्णफुलं बसली. दोन्ही! मंचावर मी मान अशी ताठ धरली, की नाण्यावर राणी म्हणून छापावी. ताई पहिल्या रांगेत होती. केस पुरते पांढरे झाले होते तिचे. नजर माझ्या कानांवर खिळलेली. जिंकले!

"आणि बाईंसाठी," विभागप्रमुखांनी माइकवरून जाहीर केलं, "आम्हा सर्वांतर्फे एक छोटीशी भेट!"

श्रवणयंत्र होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मला उत्तम ऐकू आला.

ताई पायऱ्या चढून थेट मंचावर आली.

"कान गेले तुझे? आणि मला कळवलं नाहीस?" सात वर्षांनंतरची ही पहिली वाक्यं. आवाज रागाचा होता, डोळे भरलेले होते. मग तिने माझी पाळी चिमटीत धरली. "आणि ही नळी का नाही काढलीस?"

"कसली नळी?"

तिने मागची फिरकी सोडवली, दांडीला हलकासा पीळ दिला, आणि दांडीवरून सोन्याची नळी अलगद निघून आली. आत एक मिलिमीटरची तार!

"आईची भोकं ओघळली होती. कर्णफुलं निसटायची, म्हणून मीच सोनाराकडून चढवून घेतलेली. म्हणून तर फोन कर म्हटलं होतं ना, बाई!"

हस्तलिखितावरचं वेष्टन मोजून ग्रंथाची जाडी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे! तेवढ्यात नळीविना ते कर्णफूल माझ्या प्रशस्त भोकातून सुटलं आणि श्रवणयंत्राच्या डबीत टपकन पडलं.

ताई हसली. अगदी आईसारखी. मग संध्याकाळच्या गाडीने गेली.

दुसऱ्या दिवशी तक्ता उतरवला. सळया पुसून ठेवल्या. घरात करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा फोन लावला. नळी पुन्हा कशी चढवायची, एवढंच विचारायचं होतं.

"ऐकू येतंय का गं?" पलीकडून ताई जिवाच्या आकांताने ओरडली.

लख्ख ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंबसुद्धा.

"नाही गं," मी म्हटलं. "सावकाश सांग. पहिल्यापासून."