उतार फुकट असतो

किल्ली मी फिरवली ती निव्वळ चिकटपणापायी, हे आधीच कबूल करतो. पेट्रोल पुन्हा महागलं होतं. आमचं घर टेकडीच्या माथ्यावर आणि माझं वजनमापांचं ऑफिस पार पायथ्याशी, मध्ये तीन किलोमीटर जवळजवळ नुसता उतार. वरच्या वळणावर मला वाटलं, गाडी जर आपणहून खाली जाणारच आहे, तर इंजिनाला कशाला त्रास द्या? मी गिअर काढला, किल्ली अर्धी मागे फिरवली (पूर्ण फिरवली तर स्टिअरिंग अडकतं, एवढं मलाही कळतं) आणि पाय ब्रेकवर ठेवून बसलो.

आणि काय सांगू, जग एकदम शांत झालं.

बारा वर्षं मी त्या रस्त्याने जातोय, पण तो मला ऐकू कधी आला नव्हता. शिंप्याचं मशीन ऐकू आलं. कुठल्याशा स्वयंपाकघरात कुणीतरी गाळणं शोधत होतं. एका गॅलरीत एक मुलगी पाढे म्हणत होती आणि तेराच्या पाढ्यात सातावर येऊन अडली होती. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरकत माझ्या मांडीवर येत होत्या आणि उतरून जात होत्या. मी ऑफिसला चाललोय हे मी विसरलो. खालच्या सपाटीवर इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी गाडी आपणहून थांबली, तेव्हा झोपेतून उठवल्यासारखं वाईट वाटलं. तिथून पुढे नाइलाजाने इंजिन लावलं.

पेट्रोल वाचवायचं राहिलं बाजूला, मला त्या शांततेचं वेड लागलं. दुसऱ्या दिवशी ब्रेक थोडा कमी दाबला आणि टपरीच्या पुढे गेलो. आठवड्याभरात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापर्यंत मजल गेली. ऑफिसात फायलीवर पेन टेकवून मी एकच चित्र बघत बसायचो. माझी गाडी इंजिनाविना, अलगद, ऑफिसच्या फाटकातून आत शिरते आहे आणि शिपाई उठून उभा राहतो आहे. (आमचा शिपाई साहेबांसाठीही उठत नाही.)

"वजन वाढवा," आमचे इन्स्पेक्टर म्हणाले. "जड गाडी लांब जाते."

ज्याची हयात वजनं तपासण्यात गेली, त्याचं ऐकावं. मी ऑफिसातली वीस-वीस किलोची दोन लोखंडी वजनं डिकीत टाकली (सरकारी वजनांनाही जरा हवा लागावी). शिवाय माझ्या मेहुण्याला रोज ऑफिसशेजारच्या त्याच्या चपलांच्या दुकानापर्यंत फुकट सोडायला लागलो. त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात. आमच्या काट्यावर तो एकशे बारा किलो भरला.

"माझ्या भावावर एकदम एवढी माया?" बायकोने विचारलं.

"उतारावर उपयोग होतो त्याचा."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी काय?"

"गाडी वर कशी येते? बारक्या आणि लोखंड घेऊन?"

"येते की," मी म्हणालो. खरं सांगायचं तर संध्याकाळचा मी विचारच केला नव्हता.

या सुखात मिठाचा खडा एकच होता. रोज सकाळी मागे एक निळी गाडी यायची आणि सारखा हॉर्न वाजवायची. रस्ता अरुंद, तिला पुढे जाता यायचं नाही. अरसिक माणसं असतात, म्हणून मी आरसा वाकडा करून ठेवला.

आता बायकोचं सांगतो. ती गणित शिकवते, पण सहा वर्षं दुसऱ्यांच्या जागेवर. कुणाचं बाळंतपण असलं, कुणाचा पाय मोडला, की हिला बोलावणं. पाय बरा झाला की ही घरी. मुलं जरा ओळखीची होतात तोवर निरोपाची वेळ येते, आणि त्या दिवशी ती जेवत नाही. माझ्या ऑफिसच्या पुढे दोन किलोमीटरवरच्या शाळेत कायमची जागा निघाली, पावणेअकराला मुलाखत ठरली. आदल्या आठवड्यापासून तिचं कशात लक्ष नव्हतं.

"मी सोडतो तुला," मी म्हणालो.

"इंजिन चालू ठेवून?"

"शप्पथ."

ती पुढे बसली, मागे बारक्या बसला आणि बसल्या बसल्या घोरायला लागला. वरचं वळण आलं. बायकोच्या मांडीवर फाईल होती आणि ती आतले कागद पुन्हा पुन्हा मोजत होती. वाटलं, हिला आत्ता जरा शांतता मिळाली तर किती बरं होईल. (शिवाय आज गाडीत वजन भरपूर होतं, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू?) आणि हाताने किल्ली फिरवली.

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. ती शपथेची आठवण देणार, तेवढ्यात शिंप्याचं मशीन ऐकू आलं. मग पानांची सळसळ ऐकू आली. तिने काच खाली केली. गॅलरीतली मुलगी तेरा सत्तेवर येऊन थांबली, तेव्हा बायको हळूच म्हणाली, "एक्क्याण्णव." आणि हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली.

"किती छान आहे हो," ती म्हणाली. "मला नाही का कधी आणायचं?"

इस्त्रीवाला मागे पडला. घड्याळवाला भिंग लावलेला डोळा वर करून बघत राहिला. आम्ही कधी न ओलांडलेला मोरीचा पूल ओलांडला. समोर ऑफिसचं फाटक दिसायला लागलं, वीस पावलं, पंधरा, दहा. सात पावलांवर गाडी थांबली.

मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकलं. पेट्रोलचा काटा आडवा पडला होता. आठवडाभर रोज संध्याकाळी बारक्या आणि लोखंड टेकडीवर चढवताना टाकी रिकामी झाली होती. दहा चाळीस झाले होते.

"शपथ घेतली होतीत," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मागे हॉर्न वाजला. निळी गाडी. तिच्यातून जाड चष्म्याच्या एक बाई उतरल्या आणि थेट माझ्या खिडकीशी आल्या.

"महिनाभर रोज तुमच्यामुळे मला उशीर होतोय. मुख्याध्यापिका आहे मी. आज माझ्याकडे मुलाखती आहेत, कळतंय का?"

मग बाईंनी बायकोकडे आणि तिच्या फाईलकडे पाहिलं. "तुम्ही मुलाखतीलाच निघालात का? हे कोण तुमचे?"

माझी बायको गाडीतून उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "कोणी नाहीत. रस्त्यात लिफ्ट दिली यांनी."

मागे बारक्या जागा झाला. "ताई, पोचलो का?"

"मागचे मात्र सभ्य दिसतात, ताई म्हणतात," बाई म्हणाल्या. "चला, बसा माझ्या गाडीत."

जाताना बायको खिडकीत वाकली. "अहो, थँक्यू हं," ती म्हणाली. पंधरा वर्षं मी तिच्या तोंडून 'अहो' ऐकतोय, पण इतकं परकं कधी वाटलं नव्हतं.

जागा तिला मिळाली. घरी येऊन ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली, मग म्हणाली, "वर्षभर प्रोबेशन आहे. तोवर बाहेर ओळख दाखवायची नाही." बाई टेकडीवरच राहतात, त्या तिला रोज नेतात आणि आणतात. आमची गाडी झाकून ठेवली आहे. पेट्रोलचा खर्च शून्यावर आला, म्हणजे मी जे म्हणत होतो तेच झालं. मी पायी जातो. गॅलरीतली मुलगी आता चौदाच्या पाढ्यावर आली आहे.

परवा संध्याकाळी मी धापा टाकत चढ चढत होतो. निळी गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"हेच ना ते?" बाईंनी विचारलं.

बायकोने माझ्या घामेजल्या शर्टाकडे पाहिलं. तिला राहवलं नाही. "हेच. पण मनाने वाईट नसावेत. मागे जागा आहे, घ्यायचं का यांना?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उतार असता तर घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "चढाला उगीच वजन कशाला?"