वाऱ्याचं कार्ड

राणेकाका गेममध्ये रोज मरतात आणि त्यांना त्याचं काडीचंही दुःख नसतं.

मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहतात. वय सत्तरीला टेकलेलं, अंगात गंजीफ्रॉक, चष्म्याला दोरी, आणि पुढ्यात कॉलेजच्या पोरांनी जीव टाकावा असा गेमिंग कॉम्प्युटर. स्क्रीनवर एक पडका बंगला. जिन्यावरून बंदूकवाले धावत येतायत, आणि काकांचा हीरो बंदूक खाली घालून खिडकीपाशी उभा. का? तर त्या खिडकीला एक जाळीचा पांढरा पडदा आहे आणि तो वाऱ्याने हलतो.

"काका, मागे बघा, मागे!" मी ओरडते.

"अरे मार रे बाबा, पण जरा बाजूक हो," काका त्या बंदूकवाल्याला समजावतात. "माका पडदो दिसत नाय."

धाड! काका मेले. की पुन्हा पहिल्यापासून तोच जिना आणि तोच पडदा. त्या गेममध्ये बंगल्याच्या पुढे काय आहे, हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

मी तोंडाची फटकळ. "काका, तुम्हाला वेड लागलंय," मी सरळ म्हणायचे.

"लागला तर लागला. तू पडदो बघ, मंगल."

आणि काय सांगू, मीही बघायचे! तो पडदा आधी नुसता शहारायचा, मग पोटात वारा भरून वर जायचा, वरच थोडा रेंगाळायचा आणि सावकाश खाली यायचा. फरशीवरची सुकी पानं सरकायची. निवडायला आणलेली माझ्या मांडीवरची कोथिंबीर तशीच राहायची, दुपार कुठल्या कुठे जायची, आणि माझ्या घरात कूकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत बसायचा. डाळीची वाट लागली की नवरा विचारायचा, "कुठे होतीस?" आता काय सांगणार? पडदा बघत होते?

पण हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. काकूंची खाट हॉलमध्येच, कॉम्प्युटरच्या समोर. पॅरालिसिसचा अटॅक आल्यापासून उजवं अंग गेलं, बोलणं दोनचार शब्दांवर आलं. डोकं मात्र शाबूत. पूर्वी त्यांच्या खिडकीला डोंगराकडचा वारा यायचा आणि काकू पडून पडून खिडकीचा पडदा बघायच्या. तोच त्यांचा टीव्ही, तोच त्यांचा शेजार. मग बाजूची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे टॉवर उभा राहिला, इतका जवळ की खिडकीतून हात घालून मीठ मागावं. वारा बंद. पडदा वाळत घातलेल्या टॉवेलसारखा लोंबायला लागला. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण निम्म्यावर आलं.

"टेबलफॅन लावा ना पडद्यासमोर," मी अक्कल पाजळली.

"लावलंय. पंख्याचो वारो सरकारी. एकसारखो. खऱ्या वाऱ्याक मर्जी आसता, गो."

त्यानंतर काका पुण्याला लेकीकडे गेले असताना जावयाच्या कॉम्प्युटरवर त्यांनी गेममधला तो पडदा पाहिला. आल्या आल्या सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, खाटेसमोर मांडला, आणि काकू वळल्या! पेज वाटीभर जास्त गेली. मग हा माणूस रोज मरेल नाहीतर काय करेल?

गुढीपाडव्याला जावई आले आणि घोळ झाला. त्यांनी प्रेमाने नवीन ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारा भाग, आणलं, जुनं काढलं आणि "हा कचरा मी मार्गी लावतो" म्हणून पुण्याला घेऊनही गेले. नवीन कार्डाला गणपतीच्या मांडवासारखे दिवे. बंगल्याच्या विटा मोजून घ्याव्यात इतकं चित्र स्वच्छ. फक्त वारा गेला. काकांनी शोधून काढलं ते असं, की त्या जुन्या गेममधल्या वाऱ्याचं गणित कार्ड करतं, आणि नवीन कार्डांना ते जुनं गणित येतच नाही. वारा सुरू ठेवला की चित्र अडखळायचं, बंद केला की पडदा ठोकळा. काकूंनी थोडे दिवस वाट पाहिली आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

"मग काढून टाका ना ते नवीन!"

"जावयान दिलेला? दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो दिवे बघता. दोन्ही होयी. चित्राक नवीन, आणि वाऱ्याक कार्ड वेगळा."

झालं! काका भर उन्हात दुकानं पालथी घालायला लागले. दुकानदार म्हणायचे, "काका, ह्याच्यापेक्षा नवीन घ्या ना, झकास आहे." काका म्हणायचे, "माका जुनाच होया." लोक हसायचे. इकडे काकू पेजेला तोंडसुद्धा लावेनात. एक दिवस काका रिकाम्या हाताने आले आणि जिन्यातच माझ्यासमोर थांबले.

"मंगल, ती भिंतीकडेच बघत रवली तर? परत वळलीच नाय तर?"

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. 

शेवटी तसलं जुनं कार्ड मिळालं. भर मे महिन्याच्या दुपारी काकांनी कॉम्प्युटर उघडला. मी टॉर्च धरून. आधी त्यांनी नळाला हात लावला. "अंगातली वीज सोडूक होयी, नायतर कार्ड जळता." मग जावयाच्या जाडजूड कार्डाखाली ते जुनं कार्ड हलक्या हाताने बसवलं, नमस्कार केला आणि बटण दाबलं. स्क्रीन काळी.  काकांनी एक वायर नीट आत ढकलली, पुन्हा बटण दाबलं. मग सेटिंगमध्ये जाऊन वाऱ्याचं काम जुन्या कार्डाकडे दिलं.

बंगला आला. जिना आला. पडदा लोंबत होता.  आणि मग त्याची खालची कड थरथरली. पडदा भरला, वर गेला, वरच रेंगाळला.

"अगो, बघ तरी," काका म्हणाले.

काकू हलल्या नाहीत. काका नुसते माउस धरून बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

बऱ्याच वेळाने खाट करकरली. काकूंनी डाव्या हाताने खाटेची कड धरून स्वतःला वळवलं. पडद्याकडे बघत राहिल्या. मग वाकडं झालेलं तोंड जुळवत एकेक शब्द म्हणाल्या, "खिडकी... लावा. वारो... लागता."

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर टॉवरची भिंत. वाऱ्याची झुळूक म्हणून नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी असे डोळे वटारले की मी गप्प. ते उठले, खिडकीची दोन्ही दारं लावली, वर कडीही घातली. काकूंच्या गळ्यापर्यंत चादर ओढली.

"आता?"

"आता... बरा."

काका त्यांच्या पायावर हात ठेवून बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते. मे महिन्याचा उकाडा, बंद खोली, आम्ही तिघंही घामाने निथळत होतो. पण खिडकी उघडा म्हणायची माझीही टाप नव्हती.