राणीसाहेबांच्या पहिल्या कपाची बखर

श्री. जिच्या कृपेने दूध उतू जात नाही आणि घरचे माणूस घरी राहते, त्या अन्नपूर्णेचे चरणी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका दौलतीत जे राजकारण जाहले ते जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहितो. दौलतीचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. विस्तार म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावर, एका टोकास निजण्याची खोली, दुसऱ्या टोकास मुदपाकखाना म्हणजे स्वयंपाकघर, आणि मध्ये दिवाणखान्याचा लांबलचक मुलूख. लिहिणारास स्वतःस चहा आवडतो, तेव्हा कॉफीची बाजू घेऊन लिहिले ऐसे कोणी म्हणू नये.

त्या दौलतीचे धनी श्रीमंत मुकुंदराव राजे आणि त्यांच्या राणी कुमुदिनीबाईसाहेब. राणीसाहेब माहेरी कॉफी पिणाऱ्या आणि सासर पडले चहाचे. त्या घरी कॉफी कोणास ताप आला तरच होत असे, आणि नव्या सुनेने ती मागावी ऐसा रिवाज नव्हता. तेव्हा मुकुंदराव, जे त्या समयी राजे नव्हते, नुसतेच धाकटे चिरंजीव होते, सारे घर निजले असता चोरपावलांनी उठले, आणि दुधात कॉफी उकळली, आणि साखर घातली, आणि वर जायफळ किसले, आणि मग कप टॉवेलाखाली झाकून राणीसाहेबांचे उशाशी नेला. राणीसाहेब जाग्याच होत्या, परंतु डोळे मिटून राहिल्या, आणि "ऊठ गं, कॉफी आणलीय" ऐसे शब्द कानी पडले तेव्हाच उठल्या. तोच रिवाज पुढे चालला. सासूसासरे गेले, घर बदलले, कन्या जाहली, ती मोठी होवोन लग्न करोन कर्नाटक प्रांती बेंगळुरास गेली, परंतु पहिला कप राजांनी नेणे आणि तो येईतो राणीसाहेबांनी डोळे मिटून पडणे यांत खंड पडला नाही. राजांस मुदपाकखान्यातले दुसरे काही म्हणजे काही येत नव्हते, साधा भात लावता येत नव्हता. हा एकच हुद्दा त्यांचा, आणि तो त्यांस जिवापलीकडे प्रिय होता.

ऐसे सुखात चालले असता राजांच्या उजव्या हातास कंपवाताने गाठले. आरंभी बोटे थरथरली, मग मनगट थरथरले, आणि राजे हात खिशात घालोन हिंडू लागले आणि कोणी विचारिले तर थंडीवर लोटू लागले. वैशाखातही थंडीवरच लोटीत. मग मार्गशीर्षात एके सकाळी तापल्या दुधाचे पातेले हातातून निसटले, दूध पायावर सांडले आणि पाऊल भाजले. राणीसाहेब धावोन आल्या तो राजे पाय पाण्यात धरोन उभे, आणि म्हणाले, "मांजर आली होती." खिडकी बंद होती, दार बंद होते, आणि त्या दौलतीत मांजराचा कधी वावर नव्हता. राणीसाहेबांनी औषध लाविले आणि मांजराचा तपास केला नाही.

वर्तमान फोनाने बेंगळुरास गेले. कन्या मृणालताईसाहेब रजा काढोन तातडीने दाखल जाहल्या. ताईसाहेब हुशार, प्रेमळ आणि हुकूम करण्यात आजीवर गेलेल्या. बापाचा पाय पाहोन त्यांचे डोळे भरले, आणि ते पुसोन लगोलग फर्मान सोडिले, "बाबा, आजपासून गॅसपाशी जायचं नाही. अजिबात नाही." दुसरे सकाळी कॉफी ताईसाहेबांनी केली आणि कप मातोश्रींस नेऊन दिला. कॉफी उत्तम होती. राणीसाहेबांनी अर्धी प्याली आणि कप खाली ठेविला. राजे दिवाणखान्यात खुर्चीवर बसोन स्वतःच्या हाताकडे पाहात होते, आणि लिहिणारास विचाराल तर गड गमावलेला किल्लेदार याहून बरा दिसतो.

मग ताईसाहेबांनी मसलत काढिली की कॉफीचे यंत्र आणावे. जाळ नाही, पातेले नाही, भाजण्याचे भय नाही. हे ऐकोन राजांचे मुख उजळले आणि लगेच उतरले. कारण यंत्र आपणास चालविता आले तर हुद्दा राहील हे त्यांनी ओळखिले, आणि न आले तर साऱ्यांदेखत गेला हेही ओळखिले. परंतु ही गोष्ट ते कोणास बोलिले नाहीत.

प्रथम एका कंपनीचा वकील म्हणजे विक्रीचा माणूस मोठे थोरले यंत्र आठवडाभर पारखण्यास घेऊन आला. ते बिया आपणच दळी, आपणच गाळी, दूध आपणच फेसाळी, आणि पुढे काच, काचेवर चित्रे, चित्रास बोट लाविले की काम. वकील फार बोलका, पाणी द्यावयाच्या आत दोन वेळा "एकदम सोप्पं आहे काका" म्हणाला. राजे पहाटे एकटेच यंत्रापुढे उभे राहिले आणि दूधकॉफीच्या चित्रावर बोट नेले. बोट थरथरले आणि शेजारच्या चित्रास लागले, यंत्राने गरम पाणी सोडिले. पुन्हा नेले, वाफ सोडिली. पुन्हा नेले, तो यंत्राने आपणास धुवावे ऐसी मागणी केली. राजांस घाम फुटला. शर्थ करोन, उजवा हात डाव्याने धरोन, एकदाची कॉफी काढिली, चाखिली, तो जायफळ नाही. जायफळावाचून ती राणीसाहेबांस कैसी द्यावी? किसणी तर बोटांत ठरेना. मग राजांनी विचार केला की जे यंत्र एवढ्या बिया दळते त्यास एक जायफळ काय जड, आणि डब्यातील दोन अख्खी जायफळे बियांत टाकिली आणि यंत्र सुरू केले. ऐसा आवाज जाहला की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. यंत्राचे दात जागीच बसले. वकील येवोन म्हणाला, "काका, यात बियांशिवाय काही घालायचं नसतं." राजे म्हणाले, "तीही बीच आहे." यंत्र रजईत गुंडाळोन परत गेले.

मग ताईसाहेबांनी मैत्रिणीकडचे दुसरे यंत्र आणिले. ते लहान, त्यात कॉफीच्या इवल्या डब्या खाचेत बसवावयाच्या. राजांच्या हातून डबी खाचेत बसेना. एक फ्रिजखाली गेली, एक ओट्यामागे गेली, आणि राजे म्हणाले, "याचा कचरा फार होतो." मग तिसरे पाहिले, त्यास लोखंडी दांडा, तो हिसका देऊन घट्ट फिरवावा लागे. मनगटात तेवढा जोर उरला नव्हता. राजे म्हणाले, "आवाज कर्कश आहे." ते यंत्र अद्याप चालूही केले नव्हते.

तेव्हा ताईसाहेबांचा संयम सुटला. रजा संपत आली होती, परवा गाडी होती. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला काहीच पसंत पडायचं नाहीये ना? मग राहू दे मशीन. परवापासून सकाळी एक बाई येतील, त्या कॉफी करतील, नाश्ता करतील, प्रश्न मिटला. मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी." राजांचा खिशातला हात खिशातच वळला. लिहिणाराचा जीव खालीवर जाहला, कारण बाई आल्या म्हणजे कप येईल, परंतु राजे येणार नाहीत.

आता राणीसाहेबांचे मनीचे लिहितो. त्यांस सारे ठाऊक होते. डोळे मिटोन पडणाऱ्यास कान उघडे असतात. गेले वर्षभर दिवाणखान्यातून येणाऱ्या कपबशीचा किणकिणाट वाढत चालला होता, बशीतली कॉफी वाढत चालली होती आणि कपातली उणी होत होती, आणि राणीसाहेब ती बशीतली कपात ओतोन निमूट पीत होत्या, आणि राजे पाठमोरे होताच फरशीवरचे थेंब पदराने टिपीत होत्या. आपण बोललो तर ते थांबतील, या भयाने बोलिल्या नाहीत. परंतु आता न बोलण्याने राज्य जाते हे पाहोन त्या उठल्या, चपला घातल्या, आणि म्हणाल्या, "अहो, चला. बाजारात जायचंय." ताईसाहेब म्हणाल्या, "मी येते." राणीसाहेब म्हणाल्या, "तू भाजी चिरून ठेव."

मग उभयतांची स्वारी बाजारी मोठ्या दुकानी पावली. दुकानदाराने यंत्रांची फौज मांडिली आणि कोणत्याची चव कैसी, कोणाचा फेस किती, हे सांगू लागला. राणीसाहेब म्हणाल्या, "चव राहू द्या. आमच्या ह्यांना चालवून बघायचंय." राजे जागचे हलेनात. आसपास गिऱ्हाइके होती, एक ओळखीचे गृहस्थही मिक्सर पाहात होते. राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "हात काढा खिशातून."

"कुमुद, लोक बघतायत."

"बघू देत."

"माझ्यानं नाही व्हायचं. चल घरी."

तेव्हा राणीसाहेबांनी भर दुकानात राजांच्या खिशात हात घातला, आणि तो थरथरता हात बाहेर काढिला, आणि दोन्ही हातांत धरिला. लग्न जाहल्यापासून उभयतांनी बाजारात हात धरिला नव्हता. म्हणाल्या, "मला वर्षभर माहीत आहे. मांजरीचंही माहीत आहे. मला बाईंची कॉफी नकोय. आता बघा चालवून." राजांच्या डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही, कारण एक हात राणीसाहेबांपाशी होता आणि दुसऱ्यात पिशवी होती. मग राजे एकेका यंत्रापुढे उभे राहिले आणि साऱ्यांदेखत एकेका यंत्राने त्यांस हरविले. काचेचे हरविले, डबीचे हरविले, दांड्याचे हरविले. ओळखीचे गृहस्थ भला माणूस, त्यांनी मिक्सरात डोके घातले ते वर काढिले नाही. शेवटी राणीसाहेबांनी खालच्या फळीवरचे धूळ बसलेले एक बोजड यंत्र दाखविले. त्यास वर रुंद तोंडाची गाळणी, मागे पाण्याची टाकी, खाली काचेचे भांडे, आणि पुढे एकच ठळक खटका, अख्ख्या तळव्याने दाबावा ऐसा. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे जुनं मॉडेल आहे, फेसबीस काही येत नाही यात." राजांनी पाणी ओतिले, निम्मे बाहेर गेले, निम्मे आत गेले. पूड घातली, थोडी सांडिली. मग तळवा खटक्यावर ठेविला. हात थरथरत होता, परंतु एकच खटका असल्यामुळे थरथरून जावयास दुसरी जागा नव्हती. खटका बसला. दिवा लागला. थेंब पडू लागले. राणीसाहेब म्हणाल्या, "हेच बांधून द्या."

यंत्र घरी आले. ताईसाहेबांस सारी हकीकत कळली, तेव्हा त्या बापाच्या गळ्यात पडोन रडल्या आणि म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत ना, बाबा." आणि मग बसोन डबीभर जायफळ किसोन ठेविले. दुसरे पहाटे त्यांनी दूध तापवून ओट्यावर झाकोन ठेविले आणि स्वतः दिवाणखान्यात पडद्याआड उभ्या राहिल्या. राजे आले. पूड घातली, वर जायफळ घातले, खटका दाबिला, कॉफी उतरली, दूधसाखर घातली, कप भरिला. येथवर फत्ते. मग कपबशी उचलिली, तो किणकिणाट सुरू जाहला, आणि उंबऱ्यापाशीच कॉफी बशीत आली आणि बशीतून फरशीवर आली. पुढे दिवाणखान्याचा सारा मुलूख पडला होता. यंत्र निवडताना सगळ्यांनी सगळे पाहिले, परंतु खोलीपर्यंतची ही वाट कोणी ध्यानी घेतली नाही, लिहिणारानेही नाही. राजे उंबऱ्यात थांबले. पुढे जाववेना, मागे फिरवेना. ताईसाहेबांचा हात पुढे झाला, तो त्यांनी मोठ्या कष्टाने आवरिला.

तितक्यात निजायच्या खोलीचे दार उघडले. ज्या राणीसाहेब कप आल्यावाचून कधी उठल्या नाहीत त्या उशी काखेत घेऊन बाहेर आल्या, दिवाणखाना ओलांडिला, राजांस वळसा घालोन मुदपाकखान्यात शिरल्या, स्टूल ओढून यंत्राजवळ ठेविले, त्यावर बसल्या, उशी भिंतीस लावोन डोके टेकिले, आणि डोळे मिटोन घेतले. मग म्हणाल्या, "मी अजून उठले नाहीये."

राजे वळले. स्टुलापर्यंत आले. कपात निम्मी होती, बशीत निम्मी होती. म्हणाले, "ऊठ गं, कॉफी आणलीय."

येणेप्रमाणे यंत्राची निवड जाहली आणि हुद्दा राहिला. चव पूर्वीइतकी नाही, हे राणीसाहेब राजे नसताना कबूल करितात. बाईंस निरोप गेला. ताईसाहेब कर्नाटकात सुखरूप पावल्या. दूध आता राणीसाहेबच आधी उठोन तापवितात, आणि मग स्टुलावर बसोन डोळे मिटितात. राजधानी निजायच्या खोलीतून हलोन मुदपाकखान्यात आली ती तेथेच आहे. बखर समाप्त.