आप्पांचा डबा

चिंचवाडीच्या आप्पांनी एकदा अख्ख्या गावाला मयतीला घागरी घेऊन बोलावलं होतं.

हसू नका. दोष त्यांच्या काटकसरीचा. आप्पा ग्रामपंचायतीचे शिपाई. दवंडीला त्यांच्याकडे डालड्याचा रिकामा डबा, आणि घरी पाणीही त्याच डब्यानं भरायचे. त्या दिवशी सोपानराव वारले आणि नेमका टँकरही यायचा होता. दोन दवंड्या कशाला? आप्पांनी डबा बडवला, "ऐका हो ऐका! सोपानरावाची माती दुपारी, टँकर बी दुपारी! समद्यांनी भांडी घेऊन यावं!"

दुष्काळातलं गाव ते. तिरडीमागून घागरी निघाल्या. सोपानरावांच्या बायकोनं रडता रडता विचारलं, "आप्पा, हे काय वं?"

"एकात भागतंय की, वहिनी!"

हे त्यांचं पालुपद. पंचायतीत खुर्चीसुद्धा एकच. सरपंच आले की सरपंचांची, ग्रामसेवक आला की त्याची. "दोघं एकदम येतेत कवा?" आप्पा विचारायचे.

मी तेव्हा पंचायत समितीत कारकून. लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झालेला. तेवढ्यात वरून हुकूम आला : तीन लहान पंचायतींची मिळून एक करा. एक कचेरी, एक ग्रामसेवक, एक शिपाई, एक टँकर. खर्च वाचेल. कागद घेऊन मीच चिंचवाडीला गेलो.

आप्पा म्हणाले, "जिल्हा तोडला सोयीसाठी, गावं जोडली सोयीसाठी. सोय कुणाची हो सायेब?"

मी हात पसरून, अगदी त्यांच्याच थाटात म्हणालो, "एकात भागतंय की, आप्पा!"

कचेरीत जमलेले सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

"टँकर कुठं थांबणार?"

"हिप्परगावला. तिन्हींत मोठं गाव ते."

"अन् गंगामावशी?"

गंगामावशी म्हणजे वेशीजवळची आंधळी म्हातारी. पोरं पुण्याला, ती घर सोडायला तयार नाही. हिप्परगाव दीड कोस. माझ्या कागदात तिच्यासाठी रकाना नव्हता. तिघांतला कोणता शिपाई ठेवायचा, एवढाच रकाना उरला होता.

"हिप्परगावच्या हणमंताला ठेवा," आप्पा म्हणाले. "त्याची लेकरं लहान हायती."

ऐन उन्हाळ्यात पुन्हा गेलो. कोणी टँकरमागं हिप्परगावला गेलेलं, कोणी कामाला पुण्याला. दारोदार कुलपं. बोरीखाली एक कुत्रं मरून पडलेलं, ते ओढून टाकायलाही माणूस नाही.

हिप्परगावच्या वाटेनं आप्पा आले. डोक्यावर भरलेला डबा, पाय धुळीनं पांढरे. गंगामावशीच्या दारातल्या रांजणात त्यांनी पाणी ओतलं. मग रिकामा डबा उपडा करून बडवायला लागले.

"ऐका हो ऐका! चिंचवाडीत टँकर आलाय! रांगेत या! सरूबाई, घागर मागं घे! ए तुकाराम, ढकलू नगं!"

मी आ वासून रिकाम्या गल्लीकडं बघत राहिलो.

भिंत चाचपत गंगामावशी उंबऱ्यापाशी आली. "भांडू नगा रं. समद्यास्नी पुरंल. आप्पा, आज लई गर्दी हाय का?"

"लई हाय, मावशे."

"मग आवाज कसा येईना कुणाचा?"

डब्यावरचा हात थांबला. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. तो हुकूम मीच आणला होता.

मी घसा खाकरला आणि ओरडलो, "आप्पा, माझा नंबर पुढं हाय!"