मुनवरनं चुना लावला

बेंबळीच्या अंबादासला आजवर कुणी फसवलं नव्हतं, आणि हे तो रोज किमान एका माणसाला तरी सांगत असे. वांगी घेताना तो प्रत्येक वांगं देठापासून तपासायचा. डॉक्टरनं गोळी दिली तर आधी डॉक्टरच्या तोंडाकडं बघून मगच गिळायचा. भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळवायचा आणि मग दोन्हींवर संशय घ्यायचा. आपल्याला उल्लू बनवणारा अजून जन्माला यायचाय, असं तो म्हणे. बायको चारुशीला यावर नुसती ‘हं’ म्हणायची, आणि त्या ‘हं’चाही त्याला संशय येई.

त्याची आणि मुनवरची मिळून एक जुनी निळी पिकअप होती. चौदा वर्षांपूर्वी दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीत घेतलेली. पण कागद एकट्या मुनवरच्या नावावर. त्यालाही कारण अंबादासच. विकणाऱ्याचं तोंड बघून त्याला गाडी चोरीची वाटली होती, म्हणून त्यानं सही मुनवरला करायला लावली. उद्या काही भानगड निघालीच तर हा अडकेल, असा हिशेब. भानगड काही निघाली नाही. तेव्हापासून कागद मुनवरच्या पेटीत होता आणि झोप अंबादासची उडाली होती.

गाडी गुणी होती, फक्त उन्हाळा तिला सोसत नव्हता. मे महिन्यात केबिन म्हणजे नुसता भाकरीचा तवा. सीटखाली इंजिन, डोक्यावर तापलेला पत्रा आणि अंबादासच्या बाजूची काच तीन वर्षांपासून वर जाऊन रुसून बसलेली. त्यानं उपाय कमी केले नव्हते. टपावर ओलं पोतं टाकलं, ते तुळजापूरच्या रस्त्यावर उडून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर बसलं. जुन्या कूलरचा पंखा काढून समोर लावला, तर तो गरम वाराच जास्त जोरानं मारायला लागला. शेवटी गेल्या मंगळवारी त्याला ऊन लागलं आणि भर केबिनमध्ये चक्कर आली. डॉक्टरनं आठ दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं.

मुनवर बघायला आला, उशाशी बसला, आणि जाताना म्हणाला, “तू निज. मी बघतो गाडीचं.” आणि हसला. ते हसणं अंबादासनं पुढचे दोन दिवस उलटसुलट करून पाहिलं. गाडीचं म्हणजे गाडीचं काय? आणि हसायचं कारण काय?

शुक्रवारी मुनवर लग्नाच्या मांडवाचं सामान घेऊन एकटाच येरमाळ्याला गेला. परतीचं भाडं संध्याकाळी होतं. दहाच्या सुमाराला अंबादासचा फोन वाजला. पलीकडं शिवकुमार, येरमाळ्याला हायवेवर पंक्चर काढणारा. मोठ्या खुशीत होता.

“अंबादासराव, मुनवरभाईनं चुना लावला बरं का!”

अंबादास खाटेवर ताडकन उठून बसला. “काय म्हणता?”

“आत्ता, माझ्या डोळ्यासमोर. असा लावलाय, पावसाळ्यापर्यंत उतरायचा न्हाय.”

“आन् तुमी बघत बसलाव?”

“बघत कशाला बसतो? म्याबी हात लावला की.”

एवढ्यात कुठल्याशा ट्रकचा भोंगा वाजला आणि फोन कटला. अंबादासनं मुनवरला फोन लावला. उचलेना. पाच वेळा लावला, पाचही वेळा उचलेना. आता आणखी पुरावा काय हवा होता? तरी माणूस चौकस, म्हणून तो दोन गल्ल्या पलीकडं मुनवरच्या घरी गेला. मुनवरची बायको ताहेराबी दारात शेवया वाळत घालत होती. मुनवरनं चुना लावला हे खरं का, असं त्यानं तोंडावरच विचारलं.

ताहेराबी जरा ओशाळली. “कळलं का तुमाला? मीच म्हणलं त्यांना, लावून टाका. भाऊ निजून हायेत तवरच जमतंय. उठले की लावू देनार न्हाईत.”

अंबादास वाळत्या शेवयांकडं बघत राहिला. चौदा वर्षं या घरची ईदेची खीर खाल्ली होती त्यानं. त्यानं विचारलं, आणखी कुणाकुणाला लावलाय? तिनं सरळ सांगून टाकलं की गेल्या महिन्यात तिच्या माहेरी, तेरखेड्यालाही लावून आलेत, आणि सगळे लई खूष आहेत. सासुरवाडीला बुडवतो आणि वर ते खूष राहतात! माणूस इतका पोचलेला असेल असं अंबादासला वाटलं नव्हतं.

चारुशीलानं त्याला समजावलं, की आधी मुनवरभाईंना नीट विचारा तरी. विचारलं की चोर सावध होतो, असं सांगून डोक्याला ओलं उपरणं गुंडाळून अंबादास बसमध्ये बसला. धाराशिवला बस बदलताना त्याला वाईट वाटायला लागलं. गाडी गेली तर दुसरी बघता येईल, पण मुनवर गेला तर दुसरा कुठून आणायचा? डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या माणसानं ऊन लागलंय का विचारलं, तर त्याचाही त्याला संशय आला.

येरमाळ्यात शिरता शिरता त्याला खिडकीतून सगळं दिसलं. शिवकुमारच्या दुकानापुढं त्याची गाडी उभी होती. निळा टप पांढरा झालेला, सीट काढून रस्त्याकडेला ठेवलेलं, एका दाराचं आतलं कव्हर उघडलेलं. रंग बदलून, सुटे भाग करून गाडी विकायचा बेत! दोघांच्या तोंडी एकट्यानं लागण्यात अर्थ नव्हता. तो तिथं न उतरता पुढं स्टँडवर उतरला आणि तडक पोलीस चौकीत गेला.

चौकीत शिवगंगाबाई हवालदार बसल्या होत्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं.

“भागीदारानं चुना लावला,” अंबादास म्हणाला.

“कुणाला? तुम्हाला?”

इथं अंबादास अडला. आपल्याला कुणी फसवलं हे सरकारी कागदावर जाणार, आणि उद्या गावभर होणार. तो म्हणाला, “माझं नाव नगं. गाडीला, असं लिवा.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि तसं लिहिलं. अंबादासनं ते तीनदा वाचून सही केली. चौदा वर्षांतली ही त्याची पहिली बिनघोर सही. मग बाई कागद घेऊन उठल्या आणि दोघं चालत शिवकुमारच्या दुकानाशी आले.

मुनवर टपाशी शिडी लावून उभा होता. हातात कुंचा, कोपरापर्यंत पांढरा. खाली बादलीत कालवलेला चुना आणि डिंक. अंबादासला बघून त्याचं तोंड उजळलं. “अरे, तू कशाला उन्हात आलास? आता दुसरा हात वाळला की झालं.”

शिवगंगाबाईंनी कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला. मुनवर यांनी, भागीदार आजारी असल्याची संधी साधून, शिवकुमार यांच्या मदतीनं, गाडीला चुना लावला. मग त्यांनी टपाकडं बघितलं, बादलीकडं बघितलं आणि मुनवरला विचारलं, “कबूल?”

“कबूल,” मुनवर गोंधळून म्हणाला.

“तक्रार शब्दन् शब्द खरी आहे,” बाई अंबादासला म्हणाल्या. “येरमाळ्यात दर यात्रेला लोक देवीची चुनखडी वेचतात. इथं चुना म्हणजे चुनाच. पुढं काय करायचं, तेवढं सांगा.”

शिवकुमार तोंडावर हात धरून दुकानात पळाला. मुनवर हसला नाही. त्यानं कागदाकडं बघितलं, अंबादासकडं बघितलं, आणि त्याला सगळं उमजलं. तो शिडीवरून उतरला, हात धुतले, सीटखाली नवं पोतं आणि रबराचं जाड पायपुसणं अंथरून सीट जागेवर बसवलं. बाईंनी कागद अंबादासच्या हातात दिला आणि चौकीकडं निघून गेल्या. लाजेनं अंबादासला मान वर करवेना.

संध्याकाळी भाडं भरून दोघं निघाले. मुनवरनं हात लांबवून अंबादासच्या बाजूचं हँडल फिरवलं, आणि तीन वर्षांची रुसलेली काच सरसर खाली गेली. पायाशी गरम वाफ नव्हती. डोक्यावरचा पत्रा हात लावून बघण्याइतका निवला होता. धाराशिव मागं पडलं.

मग मुनवर रस्त्याकडं बघतच म्हणाला, “तुला चुना लावायचा असता, तर चौदा वर्षं थांबलो असतो का रे?”

अंबादासनं खिडकीबाहेर तोंड केलं.

“केबिन गार न्हाय झाली का?” मुनवरनं विचारलं.

“झाली की. लई गार झाली.”

“मग वारा कशाला घेतोस?”

अंबादासनं हाताकडं बघितलं. तक्रारीचा कागद हातात होता आणि मघापासून तो त्या कागदानंच स्वतःला वारा घालत होता. त्यानं तो कागद घडी करून सीटखाली, इंजिनाच्या वरच्या पोत्यात सारला, आणि कपाळावरचा घाम पुसला.